ऐंशी नंबरचा दाणा

दगड हातात आला की आबा तो आधी चाटायचे. नदीतला असो, बांधावरचा असो, की एखाद्या पाहुण्याने कौतुकाने आणून दिलेला असो. उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा जीभ लावायची, डोळे मिटून थोडं थांबायचं, आणि मग दगडाकडे न बघता आणणाऱ्याकडे बघायचं. ती नजर अशी असायची की पाहुण्याला वाटावं, आपण हा दगड कुणाच्या घरातून उचलून तर आणला नाही ना?

"जीभले चिकटना म्हनजे कच्चा," ते मला सांगायचे. "घसरना म्हनजे पक्का. मानूसले जीभ लावता येत नही, म्हनीसन त्याले दखत ऱ्हावानं."

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. ते गेले त्याला आता दीड वर्ष झालं. त्यांच्याविषयी लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. एक तर घरात आम्ही अहिराणी बोलतो आणि लिहायला बसले की माझ्या हातून शाळेतली मराठी येते. त्या मराठीत आबा फार शहाणे, शांत आजोबा वाटायला लागतात. तसे ते नव्हते. दुसरं कारण जास्त अवघड आहे. आबांविषयी खरं लिहायचं तर माझ्या आईवर आलेला एक आळ आणि त्यातला माझा हात, हेही लिहावं लागतं.

आमचं गाव प्रकाशा या तीर्थाच्या गावापासून जवळ, गोमाई नदीच्या काठाला. सातपुड्याकडून पूर आला की नदी कसले कसले दगड आणून टाकते, आणि पाणी ओसरलं की आबा कमरेत वाकून त्यांतून फिरायचे. त्यांना हवं असायचं दगडी लाकूड. कॉलेजात त्याला मोठा शब्द आहे. अर्थ एवढाच की कुठल्या तरी काळात झाड गाडलं गेलं आणि हळूहळू त्याच्या लाकडाची जागा दगडाने घेतली. साल, गाठी, वर्तुळं सगळं जिथल्या तिथे, फक्त झाड नाही. वरून तो तुकडा चुलीतल्या विझलेल्या लाकडासारखा दिसतो. घासून, झिलई देऊन काढला की आत मध, विटकरी, काळा, दुधी असे रंग निघतात.

ही विद्या आबा गुजरातेतल्या खंभातहून घेऊन आले होते. मिसरूड फुटायच्या आधीच ते तिकडे अकीकच्या, म्हणजे रंगीत दगडांच्या, कारखान्यात लागले. एका रांगेत बसून सगळे चाकावर दगड धरायचे आणि धूळ उडायची. रांगेतले लोक खोकायला लागले तेव्हा मालक म्हणाला, धुळीने काही होत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रत्येकाला सकाळी गुळाचा खडा द्यायला सुरुवात केली. सगळे खूश झाले. आबांनी तो गूळ हातात धरून विचार केला, म्हणे, काही होत नाही तर हा फुकट गूळ कसाले वाटस? त्याच आठवड्यात ते गाडीत बसून घरी आले. त्या रांगेतलं नंतर कोणी म्हातारं झालं नाही, असं ते सांगायचे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण एवढं खरं की आबांना त्यांच्या संशयाने वाचवलं होतं, आणि जन्मभर ते त्या संशयाशी इमानाने वागले.

गिरणीतून पीठ आलं की चिमूटभर पुढच्या दातांत धरून ते कान देऊन ऐकायचे. करकर लागली तर पीठ परत. मीठ, साखर, दंतमंजन, सगळ्याची हीच परीक्षा. डॉक्टरांनी दिलेली गोळीही आधी चावून बघायचे. आई म्हणायची, "तुन्हा आबा देवले बी चावी दखतीन." अर्थात हळू आवाजात, स्वयंपाकघरातून.

बारावीची मार्कशीट मी पळत घेऊन आले. आमच्या घरात बारावी झालेली मी पहिली. आबांनी ती अंगणात नेली, उन्हाकडे धरली, उलटी करून पुन्हा धरली.

"सही कोन्ही शे?"

"बोर्डाच्या साहेबांची."

"सही करताना तू दखी का?"

"आबा, ती छापलेली असते."

"मंग ते त्याहून खराब." मग थोड्या वेळाने कागद माझ्या हातात देत म्हणाले, "चालस."

हे 'चालस' म्हणजे चालेल. यापेक्षा मोठी शाबासकी आबांकडे नव्हती. म्हणजे होती, पण ती ते कुणाला देत नसत. खंभातहून त्यांनी एक शब्द आणला होता, 'चोख्खू', म्हणजे अगदी स्वच्छ, डाग नसलेलं. तो नेहमी नकारातच यायचा. चोख्खू नही. हात चोख्खू नही, काच चोख्खू नही, अमक्याचा व्यवहार चोख्खू नही. नुसतं 'चोख्खू' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेला ते दरवर्षी जायचे आणि मला न्यायचे. आम्हाला घोडा घ्यायचा नसायचा. आबा रांगेने सगळ्या घोड्यांचे ओठ वर करून दात बघायचे आणि मोठ्याने वय सांगायचे. व्यापारी पाच वर्षांचा म्हणायचा, आबा म्हणायचे नऊ. गिऱ्हाईक सरकायचं. एका वर्षी एक व्यापारी वैतागून म्हणाला, "काय आबा, औंदा तरी लेतस का घोडं?"

"नही रे भो. दात दखाले उनू."

"मंग मन्हा बी दखी ल्या!" असं म्हणून त्याने आ केला. भोवतीचे हसले. आबांनी खरंच वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दोन खोटा शेत." आणि ते निघालेही खरेच खोटे. नंतर त्याच व्यापाऱ्याने आम्हाला चहा पाजला. आबांनी स्वतः चाखून बघेपर्यंत तो मला पिऊ दिला नाही.

अशा माणसाने मला शिकवायला का घेतलं, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडायचा. वडिलांना त्यांनी चाकाला हात लावू दिला नव्हता; वडील शेवटी सुरतला कापडाच्या कामावर गेले ते तिकडेच. मला वाटतं, कारण एका लहानपणच्या गोष्टीत असावं. आबांनी मला दगडी लाकूड दाखवलं आणि सांगितलं, हे झाड होतं. ते जेवायला बसल्यावर मी तो तुकडा नेऊन चुलीत घातला. लाकूड असेल तर पेटेल, असा माझा हिशेब. तो पेटला तर नाहीच, टण्ण आवाज करून फुटला आणि अर्धी भाकरी राखेत गेली. आईने मला धपाटा घातला. आबांनी मात्र ताटावरून उठून ते दोन तुकडे चिमट्याने काढले आणि माझ्याकडे पहिल्यांदाच जरा प्रेमाने पाहिलं. "पोर कामनी शे," ते म्हणाले. "आजलावर बी भरोसा ठेवस नही." आजला म्हणजे आजोबा.

खरं शिकवणं मी कॉलेजला जायला लागल्यावर सुरू झालं. सकाळी शहाद्याला कॉलेज, दुपारी परत आले की आबांची खोली. खोली म्हणजे अंगणाच्या टोकाला पूर्वी बैल बांधायचो ती जागा. आत जाड काचेचे चार तुकडे, चार बादल्या, चार फडकी. काचेवर ओली पावडर पसरायची आणि दगडाची सपाट बाजू त्यावर फिरवायची, गोल नाही, 'इंग्रजी आठ' काढत. गोल फिरवलं तर एकच कड झिजते. पावडरीला नंबर असतात. ऐंशी नंबरची सर्वांत जाड, काळी, चमकणारी. मग दोनशे वीस, मग चारशे, मग हजार, तिचा दाणा बोटाला कळतही नाही. शेवटी नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, चाक. ते आबांनी आजीच्या शिलाई मशीनच्या स्टँडला जोडलं होतं. मी पायाने चालवायची आणि ते दगड धरायचे. वर खिळ्याला दवाखान्यातून आणलेली सलाईनची रिकामी बाटली टांगलेली, तिच्या नळीतून पाणी थेंब थेंब पडत राहायचं. कोरडं घासणं आमच्याकडे बंद. "कोरडं घासशी ते खोकशी," एवढंच म्हणायचे.

पण शिकवण्याचा मोठा भाग घासण्याचा नव्हता, धुण्याचा होता. एका नंबरवरून पुढच्या नंबरवर जाताना मागच्याचा एक दाणाही सोबत येता कामा नये. हजार नंबरच्या काचेवर ऐंशीचा एक दाणा आला तर आठवड्याचं काम गेलं. "येक दाना," आबा बोट वर करून म्हणायचे, "अन बठ्ठं मातीमा." त्यामुळे प्रत्येक टप्प्याला आंघोळ. केस फडक्यात. कॉलेजचे कपडे बाहेर, आत फक्त एक जुना गाऊन, तोही टप्पा बदलला की धुऊन. मग दारात उभं राहून दोन्ही हात पुढे करायचे. आबा माझं एकेक नख उन्हात वळवून बघायचे, कानामागे बघायचे. "चोख्खू नही. जाय, धोई ये." कधी तीनदा, कधी चारदा. मला राग यायचा. त्यांची स्वतःची नखं कोण बघायचं? कोणीच नाही.

मोबाइलला खोलीत बंदी होती. "त्याले डोळा शे," ते म्हणायचे. कुणीतरी पलीकडे बसून त्या डोळ्यातून आपलं काम बघत असणार, याविषयी त्यांना जराही शंका नव्हती.

आणि खोलीत इतर कोणी यायचं नाही, आईसुद्धा. कडीला ते एक पांढरा दोरा गुंडाळून ठेवायचे. गाठ त्यांची, फक्त त्यांना येणारी.

आईविषयी इथे थांबून सांगायला हवं. आबा आणि आई एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं; आमच्याकडे जुन्या घरांत सासरा सुनेशी सरळ बोलत नाही, सून त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेते. आता पुष्कळ घरांत हे राहिलं नाही. आमच्या घरात आबांनी ते ठेवलं होतं. आई दाराच्या आत, आबा दाराच्या बाहेर, मध्ये मी.

"तुन्ही मायले सांग, चहामा गूळ जास्त व्हयना."

आईला ते ऐकू आलेलंच असायचं. तरी मी वळून सांगायची. आई म्हणायची, "आबांले सांग, उद्या कमी टाकसू." मी पुन्हा वळायची. लहानपणी मला हा खेळ वाटायचा. वीस-बावीस वर्षं आई त्यांचं जेवण, धुणं, आजारपण करत आली आणि त्यांनी तिला एकदाही हाक मारली नव्हती, हे मला मोठी झाल्यावर मोजता आलं.

आता ज्या दगडावरून आळ आला तो दगड. आबा गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यातल्या पुरात आबांना एक ओंडका सापडला, मांडीएवढा. चाटून झाल्यावर ते तिथेच वाळूत बसले. शहाद्याला फरशी कापणाऱ्याकडे नेऊन त्याची चकती काढायची ठरली. कापणारा दगड बदलेल म्हणून आबांनी त्यावर आधी एक खूण केली, ती मलाही दाखवली नाही, आणि परत येताना रिक्षात चकती मांडीखाली घेऊन बसले. भाकरीएवढी चकती. पाणी मारलं की आत वर्तुळंच वर्तुळं, आणि एका बाजूला जखम भरून आल्यासारखी गाठ.

"हाई तू कर," आबा म्हणाले. "मी फक्त दखसू."

माझा विश्वास बसेना. त्यांनी आजवर माझ्या हातात सुपारीएवढ्याच वस्तू दिल्या होत्या. कॉलेजात मी आमच्या भूगोलाच्या सरांना सांगितलं. सर फार चांगले, त्यांनी उत्साहाने सांगितलं की प्रत्येक टप्प्याचे फोटो काढ, आपण विद्यार्थ्यांना दाखवू. वर्गात कुणी माझं नाव घेऊन काही विचारावं, अशी ती पहिलीच वेळ. मी 'हो' म्हणाले. आबांच्या खोलीत फोटो काढता येत नाहीत, हे सांगायला मला लाज वाटली.

मी मोबाइल गाऊनच्या खिशात घालून आत नेऊ लागले. आबा पाणी बदलायला बाहेर गेले की पटकन फोटो. ऐंशी नंबरला घाईत मी एकदा मोबाइल काचेच्या कडेलाच ठेवला होता, ओल्या काळ्या पावडरीत. पुसला आणि खिशात टाकला.

महिना-दीड महिना घासण्यात गेला. हजार नंबर झाला तेव्हा चकती इतकी गुळगुळीत होती की तिच्यावर बोट ठेवलं की ते आपलं वाटेना. शेवटी नमद्याचं चाक. त्या दुपारीही मी नखं धुतली, केस बांधले, गाऊन धुतलेला. आबांनी तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा आत घेतलं. ते सलाईनची बाटली भरायला गेले तेव्हा मी चाकाशेजारी वाकून फोटो काढला. मग आम्ही बसलो. या वेळी त्यांनी पाय चालवला आणि दगड मी धरला.

पाव तासाने आबांनी चाक थांबवलं. मला काही कळलं नव्हतं. त्यांना आवाजावरून कळलं. चकती उन्हात नेली. मधोमध, वर्तुळांना कापत, तीन बारीक पांढरे ओरखडे कमानीसारखे गेले होते.

आबा ओरडले नाहीत. त्यांनी चाकावरचा नमदा ओरबाडून काढला आणि तसाच नेऊन अंगणातल्या चुलीत घातला. मग माझे हात पाहिले, नखं पाहिली, कानामागे पाहिलं. काही नव्हतं. मग ते दाराशी गेले आणि कडीचा दोरा हातात घेतला. बोटांत फिरवत राहिले.

"सकायले गाठ मन्ही नव्हती," ते म्हणाले. "कोन्ही तरी दुसरी मारी ठेयेल व्हती." आणि मग घराकडे तोंड करून, पण मला म्हणाले, "तुन्ही मायले इचार, मन्ही खोलीमा कसाले गयी व्हती."

मी आईकडे वळले. ती दाराआड उभी होती, हात पिठाचे.

"आबांले सांग," ती म्हणाली, "खिडकीमाईन मांजर घुसनी व्हती. दार उघाडं अन उंबराबाहेरथीन हाकली. आत पाय ठेवा नही."

"तिले सांग, आंगनमा वाळू पडेल शे. पायले वाळू, वाळूमा खडा."

अंगणात खरंच वाळूचा ढीग होता, न्हाणीघराच्या कामाचा. मग आबा म्हणाले, "आजथीन मन्हं पानी मी लिसू. तिन्हा हातनं नको."

हेही मीच वळून सांगायचं होतं. मी सांगितलं नाही, पण तिने ऐकलं होतं.

आबा त्या दिवसापासून आपल्या खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवू लागले. आई रोज त्यांचं ताट वाढायची, झाकून ओट्यावर ठेवायची, आणि संध्याकाळी ते गाईला घालायची. गावात कळायला वेळ लागत नाही. शेजारच्या काकू भाजी घ्यायच्या निमित्ताने येऊन म्हणाल्या, "काय वं, सासरानी चूल वायली मांडी?" आई हसली आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

तिसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना बसमध्ये मी मोबाइलचं कव्हर काढलं. बटणाजवळ अडकत होतं म्हणून. कव्हरच्या आतल्या कडेला काळी, चमकणारी रेघ होती.

मला लगेच कळलं. मला वाटतं, मला आधीपासूनच थोडंसं कळत होतं, म्हणूनच मी तीन दिवस कव्हर काढलं नव्हतं. आबांनी केस, नखं, कपडे, कान, सगळं तपासलं. जी वस्तू खोलीत नाहीच अशी त्यांची खात्री होती, ती कशी तपासणार? मी कव्हर परत लावलं. घरी आल्यावर सांगू, असं ठरवलं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला पुन्हा खोलीत घेतलं नसतं, आणि ती चकती माझी होती. असे पाच दिवस गेले.

या पाच दिवसांत मला एका गोष्टीने फार त्रास दिला. ज्या घरात प्रत्येक पिठाला, प्रत्येक गाठीला संशय होता, तिथे आईने एकदाही माझ्याकडे संशयाने पाहिलं नाही. चाकापाशी शेवटी मीच बसले होते. कुणीही विचारलं असतं. तिने नाही विचारलं. आणि आबांनी मला सोडून तिला का धरलं? मी त्यांच्या रक्ताची आणि ती बाहेरून आलेली, म्हणून? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारू शकले नाही. माझा संशय अजून गेलेला नाही.

आठव्या दिवशी दुपारी मी घरी आले तर आई पिशवी भरत होती.

"मी सुरतले चालनी," ती म्हणाली. "तुन्हा पप्पा कवयपासून बलाई ऱ्हायनात. आठे मन्हा हातनं पानी चालत नही, मंग मी कसाले?"

"आणि मी?"

"तू शे ना आबांजोडे. तुन्हावर त्यास्ना भरोसा शे."

मी तशीच आबांच्या खोलीकडे गेले. ते स्टोव्ह पुसत होते.

"आबा, दाना मन्हा मोबाइलमाईन पडना."

त्यांनी वर पाहिलं नाही. "मोबाइल कोठे व्हता?"

"गाऊनच्या खिशात. रोज नेत होते. फोटो काढायला."

आता त्यांनी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं, घोड्याचे दात बघताना बघायचे तसं. मग मान हलवली. "तुन्ही मायनी शिकाडं तुले हाई."

मला रडू यायला लागलं. आयुष्यात मी त्यांच्याशी एकदाच पूर्ण खरं बोलत होते, आणि त्यांना ते पटत नव्हतं. "नाही शिकवलं. आबा, खरंच."

"पुरावा काय?"

पुरावा त्यांनीच चुलीत घातला होता. मी मोबाइल काढला, कव्हर काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. आबांनी ते घेतलं, खिडकीशी नेलं. कडेची काळी रेघ उजव्या हाताच्या नखाने खरवडली, त्यातलं थोडं बोटावर घेतलं आणि पुढच्या दातांत धरलं. खोलीत काही आवाज नव्हता. मलासुद्धा ते ऐकू आलं: कर्र, कर्र.

"ऐंशी," आबा म्हणाले.

ते खाली बसले. मी फोटो उघडून दाखवायला लागले तर त्यांनी हाताने बाजूला केलं. मग विचारलं, "आठ दिन काय तोंडमा गोटा धरी बशी व्हती?"

आबा उठले. अंगण ओलांडलं, घरात आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. तिथवर ते कधी येत नसत. आईने त्यांना पाहिलं आणि पिशवी सोडून पदर डोक्यावर घेतला, भिंतीकडे वळली.

"बेटा," आबा म्हणाले.

"काय आबा?" मी म्हणाले.

"तू नही."

आई भिंतीकडेच तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, तिला कळलंच नाही की हाक तिला आहे. कळणार तरी कसं?

"बेटा, वाळू नव्हती ती," आबा म्हणाले. एवढंच. माझं नाव घेतलं नाही, माफी मागितली नाही. पुढे म्हणाले, "चकती परत घासनी पडी. दारमा उभं ऱ्हावाले कोनी तरी पाहिजे. हात दखाले. हाई पोरना." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "मन्हा बी. मन्हा आधी."

आबा तिच्या उत्तरासाठी माझ्याकडे बघायला लागले, जुन्या सवयीने. मी वळले नाही. मी या वेळी मधून बाजूला झाले.

शेवटी आईने पिशवी पायाने बाजूला सारली आणि पुढे निघाली. आबांच्या मागे अंगण ओलांडून ती त्या खोलीच्या दारात गेली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. आबांनी दोन्ही हात पुढे केले. तिने पदराच्या आतून, त्यांच्या तोंडाकडे न बघता, एकेक बोट धरून उन्हात वळवलं. उजव्या हाताच्या तर्जनीशी थांबली. नखाखाली काळी, चमकणारी रेघ होती.

"चोख्खू नही, आबा," आई म्हणाली. माझ्यामार्फत नाही, सरळ. "जा, धोई या."

आबा गेले. नळाशी बसून घासणीने नखं घासल्याचा आवाज येत राहिला. परत आले, हात पुढे केले. तिने पाहिले आणि मान हलवली. ते पुन्हा गेले. मी खोलीच्या भिंतीशी उभी होते आणि माझे हात मी पाठीमागे धरले होते, कारण यानंतर माझी पाळी होती.

तिसऱ्यांदा आईने आबांची दहाही बोटं उन्हाकडे धरून नीट पाहिली, मग उलटी करून पुन्हा पाहिली. मग ती दारातून सरकली.

"चालस," ती म्हणाली.